रक्तात सापडतो तो संसर्ग, संपर्क की साठा?

प्रश्न असा आहे: आरोग्यविषयक मजकुराचा अनुवाद करताना 'अग्निरोधक रसायनांचा मानवी संसर्ग रक्ततपासणीने मोजला' असं वाक्य तयार झालं. इथे मूळ इंग्रजीतल्या एक्सपोजरला, म्हणजे रसायनाशी संबंध येऊन ते शरीरात जाण्याला, 'संसर्ग' चालेल का?

मला चालणार नाही. 'अग्निरोधक'ही खटकतो, पण त्याच्याकडे नंतर येतो.

'संसर्ग' मुळात निरुपद्रवी शब्द. सम् अधिक सृज्, म्हणजे एकत्र येणं, संगत. 'संसर्गजा दोषगुणा भवन्ति' या वचनात दोषांइतकेच गुणही संगतीने येतात. पण 'संसर्गजन्य रोग' इतका रुळला की आता संसर्ग म्हटलं की जंतूच डोळ्यांपुढे येतात. जंतू शरीरात वाढतात. रसायन वाढत नाही, फार तर साचतं. 'बाधा'ही नको. विषबाधा झालेला माणूस आजारी पडलेला असतो, आणि रक्तात एखाद्या रसायनाचा अंश सापडला म्हणजे आजार झाला असं नाही.

उरला 'संपर्क'. याचा धातू पृच्, मिसळणे. मधुपर्कातला 'पर्क' तोच, आणि शाळेतलं 'संपृक्त द्रावण'ही त्याच घरातलं. आज मात्र संपर्क म्हणजे बाहेरून स्पर्श, नाहीतर फोन नंबर. गंमत अशी की या रसायनांच्या बाबतीत जुना अर्थच नेमका बसतो. यांतली पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर, थोडक्यात पीबीडीई, ही ब्रोमीनयुक्त रसायनं जुन्या गादी-सोफ्याच्या फोममध्ये नुसती मिसळलेली असतात, रासायनिक बंधाने जखडलेली नसतात. म्हणून ती हळूहळू सुटतात, घरातल्या धुळीत उतरतात आणि धुळीचे हात तोंडात गेले की पोटात जातात. जमिनीवर रांगणारी मुलं यात सर्वांत पुढे. इथपर्यंत 'संपर्क' छान काम करतो.

सुई टोचून रक्त घेतलं की मात्र तो अपुरा पडतो. प्रयोगशाळेला धुळीशी आलेला संबंध दिसत नाही. तिला दिसतं शरीरात शिरलेलं प्रमाण. पीबीडीई मेदात विरघळतात आणि रक्तातला मेद जेवणानंतर वाढतो, म्हणून निकाल बहुधा सीरममधल्या, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातल्या, दर ग्रॅम मेदामागे किती नॅनोग्रॅम असा देतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कमी ब्रोमीन असलेले काही प्रकार शरीरात वर्षानुवर्षं टिकतात. दहा ब्रोमीन असलेला डेका मात्र रक्तात सुमारे 15 दिवसांत निम्मा होतो. टिकाऊ प्रदूषक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत 2009 मध्ये जाऊन बसलेली कमी ब्रोमीनची पीबीडीई नंतरही लोकांच्या रक्तात सापडत राहिली यात नवल नाही. डेका त्या यादीत 2017 मध्ये आला. अशा टिकाऊ रसायनांसाठी मी 'शरीरातला साठा' म्हणेन.

पण हा शब्दही सरसकट लावू नका. पीबीडीईंच्या जागी आलेली फॉस्फेट गटातली अनेक रसायनं शरीर लवकर बाहेर टाकतं. त्यांचा माग लघवीतल्या चयापचयी अवशेषांतून काढतात, आणि तो आकडा गेल्या एकदोन दिवसांचीच हकिकत सांगतो. त्याला 'साठा' म्हणणं चूक. तिथे 'अलीकडचा संपर्क' बरा.

आता 'अग्निरोधक'. रोध म्हणजे अडवणं, आणि वाचकाला वाटतं ही वस्तू जळणारच नाही. तसं नसतं. ब्रोमीनयुक्त रसायन तापलं की त्यातून सुटलेलं ब्रोमीन ज्वाळेतल्या मुक्त मूलकांना, म्हणजे आग पुढे नेणाऱ्या अतिक्रियाशील कणांना, पकडतं आणि आगीचा वेग घटतो. वस्तू पेटते, पण उशिरा आणि सावकाश. म्हणून 'मंदक' हवा. 'अग्निमंदक' करायला गेलं तर अग्निमांद्य आठवतं आणि वाचक ओव्याचा डबा शोधू लागतो! 'ज्वालामंदक' ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'आग मंदावणारी रसायनं' असं लिहिलं की पुढे अडचण येत नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'ज्वालामंदक रसायनं माणसांच्या शरीरात किती शिरली आहेत, हे रक्त तपासून मोजलं.' एक्सपोजरसाठी यात वेगळं नाम नाही, आणि ते शोधायचा हट्टही नको. मराठीला इथे क्रियापद पुरतं.