बहिणीचा चेहरा आठवेनासा झालाय, हा अपराध आहे का?

तुम्ही लिहिलंय, धाकटी बहीण शाळेच्या सहलीला जाताना विमान अपघातात गेली, आणि आता डोळे मिटले तरी तिचा चेहरा समोर येत नाही.

अपराध कसला? मला माझ्या दादाचा आवाज पाच-सहा वर्षांतच आठवेनासा झाला.

दादा २६ एप्रिल १९९३ च्या औरंगाबादच्या अपघातात गेला. मी नऊ वर्षांचा होतो. मुंबईला मुलाखतीला निघालेला, तिकीट मामानं काढलेलं. आमच्या घरात विमानात बसणारा तो पहिलाच. चिकलठाण्याहून उडताना विमान धावपट्टीपलीकडं बीड रोडवर एका ट्रकला घासलं, मग विजेच्या तारांना लागून खाली आलं. ११८ पैकी ५५ जण गेले. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. आमचं गाव गेवराई तालुक्यातलं, शेतात कपाशीच. "आपलाबी कापूस असंल त्यात," असं अण्णा एकदाच म्हणाले.

पाच महिन्यांनी किल्लारीचा भूकंप झाला. मग लोक म्हणायचे, तिकडं घरंच्या घरं गाडली गेली, तुमचा एकच गेला. चांगल्या मनानंच म्हणायचे. आई गप्प झाली ती तेव्हापासून, असं आम्ही धरून चाललो. दादाचं नाव नाही, फोटोला हार नाही, पित्राला त्याचं पान नाही. एसटी चिकलठाण्याजवळ आली की पदर तोंडावर.

कारण वेगळंच होतं. अण्णांनी दादाला मनगटावरच्या घड्याळावरून ओळखलं होतं. अंगावर उरलेलं कापड मात्र निळ्या चौकटीचं, आणि आईनं स्वतः इस्त्री करून दिलेला शर्ट पांढरा. "ह्यो आपला न्हाई," एवढंच ती म्हणाली होती. ६३ जण वाचले, हेही तिला कुणीतरी सांगितलेलं. घड्याळ काय, कुणाच्याही हातात असतं.

वीसेक वर्षांनी दादाचा वर्गमित्र लग्नाची पत्रिका द्यायला आला, मुलीच्या. चहा पिता पिता सहज बोलून गेला, की आदल्या रात्री खोलीवर पांढऱ्या शर्टावर शाई सांडली, म्हणून दादा त्याचा चौकटीचा घालून गेला.

म्हणून सांगतो, चेहऱ्यासाठी स्वतःला कोरत बसू नका. बहिणीच्या बाकावर कोण बसायचं, डबा कुणाबरोबर खायची, त्यांना शोधा. तुमच्याकडं नसलेली बहीण त्यांच्याकडं आहे. कधी कधी ते नको तेही सांगतील, त्याची तयारी ठेवा. आई त्या रात्री जेवली नाही.

पण त्याच्यासमोर ती रडली नाही. बराच वेळ कपाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "म्हंजी तुझा शर्ट ऱ्हायला की रं आमच्याकडं."

पुढच्या बाजाराला गेवराईहून एक घेऊन यायला लावलाच तिनं मला. निळ्या चौकटीचा.