वाचकांचे प्रश्न : इन्स्टॉलर, अपग्रेड आणि पॅच

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअरची २.४.१.३ ही आवृत्ती वापरकर्त्यांकडे आहे. २.४.१.७ देताना आम्ही प्रॉडक्ट कोड (स्थापित उत्पादनाची ओळख) बदलला आणि अपग्रेड कोड (त्याच्या सर्व आवृत्त्यांना जोडणारी ओळख) तोच ठेवला. तरीही स्थापनेनंतर प्रोग्रामांच्या यादीत दोन्ही आवृत्त्या दिसतात. जुनी का निघत नाही?

उत्तर : विंडोज इन्स्टॉलर, म्हणजे विंडोजवर सॉफ्टवेअर बसवणारा आणि काढणारा भाग, उत्पादनाच्या आवृत्तीचे पहिले तीनच भाग विचारात घेतो. चौथा भाग लिहिता येतो, पण तुलनेत त्याला स्थान नाही. त्यामुळे आपल्या दोन्ही आवृत्त्या त्याच्या दृष्टीने २.४.१ अशाच आहेत, आणि पॅकेजमधील अपग्रेडच्या तक्त्यात ‘नव्यापेक्षा लहान असेल ती काढावी’ अशी अट असल्यामुळे समान आवृत्ती त्या अटीत बसत नाही. पुढची आवृत्ती २.४.२ अशी द्यावी आणि बिल्डच्या (सोर्सवरून पॅकेज तयार करण्याच्या) वेळी तिसरा भाग आपोआप वाढेल अशी व्यवस्था करावी. पहिल्या दोन भागांची मर्यादा प्रत्येकी २५५ आहे आणि तिसऱ्याची ६५५३५, त्यामुळे ज्यांना पहिल्या भागात पूर्ण वर्ष लिहायचे असते, त्यांना तो विचार सोडावा लागतो. मात्र फाइलच्या स्वतःच्या आवृत्तीचे चारही भाग तुलनेत धरले जातात. हा फरक पुढच्या उत्तरातही कामाला येईल.

क्रमांक ठीक असूनही दोन नोंदी दिसत असतील, तर जुनी स्थापना एका वापरकर्त्यापुरती आणि नवी संपूर्ण संगणकासाठी झाली आहे का, ते तपासावे. जुन्या आवृत्तीचा शोध घेणारी क्रिया ही सीमा ओलांडत नाही. संबंधित उत्पादन सापडले, पण ते वेगळ्या प्रकारे स्थापित असल्याने वगळले, अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये (इन्स्टॉलर लिहितो त्या नोंदींच्या फाइलमध्ये) स्पष्ट मिळते.

प्रश्न : नवी आवृत्ती कोणत्याही तक्रारीविना स्थापित होते, शेवटी यशाचा संदेशही येतो, परंतु प्रोग्राम सुरू करताच एक डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररीची फाइल) सापडत नसल्याचे कळते. फोल्डरमध्ये ती खरोखरच नसते. ‘रिपेअर’ केल्यावर मात्र परत येते. पॅकेजमध्ये फाइल आहे, याची खात्री केली आहे.

उत्तर : या दोषाने मला स्वतःला एकदा दोन दिवस अडकवून ठेवले होते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. ‘रिपेअर केल्यावर परत येते’ हे आपण लिहिले नसते, तर मी आधी अँटिव्हायरसकडे पाहायला सांगितले असते. पण तेवढ्या एका वाक्याने दिशा मिळते.

मुख्य अपग्रेड करताना, म्हणजे जुने उत्पादन काढून पूर्ण नवे बसवताना, इन्स्टॉलर दोन कामे करतो. कोणती फाइल बसवायची आणि कोणती नाही, हे तो सुरुवातीलाच, म्हणजे जुनी आवृत्ती संगणकावर असतानाच ठरवून टाकतो. जुनी आवृत्ती काढण्याचे काम त्यानंतर होते. आता असे समजा की, जुन्या पॅकेजमध्ये एका लायब्ररीची ३.२.० ही आवृत्ती होती आणि काही कारणाने नव्या पॅकेजमध्ये ३.१.९ गेली. हिशेबाच्या वेळी इन्स्टॉलरला संगणकावर मोठ्या आवृत्तीची फाइल दिसते आणि नवी बसवण्याची गरज नाही, असा निर्णय तो नोंदवतो. पुढच्याच टप्प्यावर जुने उत्पादन काढले जाते आणि त्याच्याबरोबर ३.२.० ही फाइलही जाते. आधीचा निर्णय पुन्हा तपासला जात नाही, त्यामुळे त्या जागी काहीच उरत नाही. रिपेअरच्या वेळी मात्र तिथे फाइलच नसल्यामुळे ३.१.९ सुखरूप बसते.

खात्री करण्यासाठी इन्स्टॉलर चालवणाऱ्या एमएसआयएक्झेक या आज्ञेला ‘एल’, तारा आणि ‘व्ही’ हा पर्याय देऊन सविस्तर लॉग घ्यावा आणि त्यात त्या फाइलच्या कंपोनंटचा (एकत्र बसणाऱ्या आणि एकत्र निघणाऱ्या फाइलींच्या गटाचा) ओळखकोड शोधावा. अधिक मोठ्या आवृत्तीची मुख्य फाइल अस्तित्वात असल्याने या कंपोनंटची स्थापना नाकारली, अशा अर्थाची ओळ मिळाली, तर निदान पक्के झाले. ही ओळ लॉगच्या पहिल्या भागात, फाइलींची कॉपी सुरू होण्याच्या बरीच आधी असते, म्हणून शेवटाकडून वाचणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते.

उपाय म्हणून अनेक जण रीइन्स्टॉल-मोडमध्ये (फाइली कोणत्या अटीवर बसवायच्या, ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘ए’ हे अक्षर घालून सर्व फाइली सक्तीने बसवायला सांगतात. हा उपाय मला मान्य नाही. ती सक्ती आपल्या फाइलींपुरती राहत नाही. इतर प्रोग्रामांबरोबर सामायिक असलेली फाइलही तिच्यामुळे जुन्या आवृत्तीवर जाऊ शकते, आणि मग दोष आपला असूनही बंद पडतो दुसऱ्याचाच प्रोग्राम. जुने उत्पादन काढण्याची क्रिया क्रमवारीत शेवटाकडे नेली, तर फाइल नाहीशी होत नाही, परंतु शिल्लक राहते ती ३.२.० हीच. शिवाय ती मांडणी स्वीकारल्यावर प्रत्येक कंपोनंटचा ओळखकोड आवृत्त्यांमधून काटेकोरपणे तोच ठेवावा लागतो, नाहीतर जुने काढताना नवे बसवलेलेही जाते. म्हणून मुळातला उपाय हाच की, कोणत्याही फाइलची आवृत्ती मागे जाऊ देऊ नये. आधीच्या प्रसिद्ध पॅकेजमधील फाइलींचा तक्ता आणि नव्या पॅकेजमधील तक्ता यांची तुलना करणारी एक छोटी स्क्रिप्ट बिल्डमध्ये बसवावी आणि एखादी आवृत्ती घटलेली दिसली, तर बिल्ड तिथेच थांबवावे. आम्ही ती बसवल्यापासून हा दोष आमच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचलेला नाही.

प्रश्न : पॅच आमच्या संगणकांवर व्यवस्थित लागतो, पण काही वापरकर्त्यांकडे १६४२ आणि काहींकडे १६३५ ही त्रुटी येते. पॅच करण्यासाठी जुनी आवृत्ती आम्ही त्याच सोर्सवरून पुन्हा बिल्ड केली होती.

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातच पाणी मुरते आहे. पॅच हा ‘या अमुक पॅकेजवरून त्या तमुक पॅकेजवर’ जाण्याचा रस्ता असतो, आणि वापरकर्त्यांकडे जे पॅकेज प्रत्यक्ष गेले, तेच त्याचे आरंभस्थान असले पाहिजे. सोर्स तोच असला, तरी पुन्हा केलेले बिल्ड तेच नसते. त्यात प्रॉडक्ट कोड, फाइलींच्या तक्त्यातील नावे किंवा कंपोनंटचे कोड आपोआप तयार होत असतील, तर ते बदललेले असू शकतात. मग पॅचला आपले लक्ष्य असलेले उत्पादन किंवा आवृत्ती संगणकावर सापडत नाही आणि १६४२ ही त्रुटी येते. प्रसिद्ध केलेले प्रत्येक पॅकेज जसेच्या तसे जपून ठेवावे, त्याची प्रशासकीय स्थापना (प्रोग्राम न बसवता पॅकेज फोल्डरमध्ये उघडणे) करून फाइली उलगडाव्यात आणि तीच प्रतिमा पॅचसाठी घ्यावी.

पॅचमध्ये प्रॉडक्ट कोड तोच राहत असल्यामुळे आणखी एक बंधन पाळावे लागते. जुन्या फीचरमधील (कंपोनंटांच्या निवडता येणाऱ्या संचातील) कंपोनंट काढून टाकता येत नाही. तसे केल्यास लॉगमध्ये ‘सेलएमजीआर’ने सुरू होणारी ओळ येते, जी सांगते की नोंदलेला कंपोनंट तक्त्यात नाही आणि फीचरमधून कंपोनंट काढणे समर्थित नाही. फाइल नको असेल, तरी कंपोनंट ठेवावा. रचनेत असे मोठे बदल असतील, तर पॅचचा आग्रह सोडून मुख्य अपग्रेड द्यावे.

१६३५ म्हणजे पॅचचे पॅकेज उघडता आले नाही. फाइल डाउनलोड होताना अपुरी राहिली असेल, तरी ही त्रुटी येते. पण आधी लावलेला एखादा पॅच विंडोजच्या फोल्डरमधील ‘इन्स्टॉलर’ या लपवलेल्या फोल्डरमधून नाहीसा झाला असेल, तरीही ती येते. डिस्कवर जागा करण्याच्या नादात अनेक जण तो फोल्डर रिकामा करतात. तिथे प्रत्येक स्थापनेच्या आणि पॅचच्या पॅकेजची प्रत ठेवलेली असते, आणि रिपेअर, पॅच व अनइन्स्टॉल ही तिन्ही कामे तिच्यावर अवलंबून असतात. आपल्या मदतपुस्तिकेत त्या फोल्डरला हात लावू नये, असे ठळकपणे लिहावे.

प्रश्न : १६०३ या त्रुटीचा अर्थ काय?

उत्तर : ‘स्थापना करताना गंभीर चूक झाली’, एवढाच. कारण त्या क्रमांकात नसते. सविस्तर लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द पहिल्यांदा जिथे येतात, तिथे जावे आणि त्याच्या वरच्या वीस-पंचवीस ओळी वाचाव्यात. तिथे आपणच पॅकेजमध्ये घातलेली एखादी क्रिया, म्हणजे कस्टम अ‍ॅक्शन दिसली, तर ती कोणाच्या खात्याखाली चालते, ते पाहावे. पुढे ढकललेली (प्रत्यक्ष बदलांच्या टप्प्यावर चालणारी) आणि वापरकर्त्याचे रूप न घेणारी क्रिया सिस्टिम खात्याखाली चालते. तिला वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाहीत, त्याची रजिस्ट्री तिची नसते, आणि इन्स्टॉलरच्या बहुतेक प्रॉपर्टींचे (सेटिंगांचे) मूल्यही तिला थेट वाचता येत नाही, तर कस्टम-अ‍ॅक्शन-डेटा या प्रॉपर्टीमधून आधी पोहोचवावे लागते.

प्रश्न : एकाच संगणकावर दुसऱ्या वापरकर्त्याने शॉर्टकट उघडला की, इन्स्टॉलरची खिडकी येऊन काहीतरी ‘तयार’ करते. हे थांबवता येईल का?

उत्तर : ही स्वयंदुरुस्ती आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन विभागात एमएसआय-इन्स्टॉलरच्या १००१ आणि १००४ क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. पहिलीत फीचर आणि कंपोनंट सापडतो, दुसरीत नेमकी कोणती फाइल वा रजिस्ट्री की नाही, ते कळते. बहुधा असे आढळेल की, एखाद्या कंपोनंटची की-पाथ (तो बसलेला आहे का, हे ओळखण्याची खूण) म्हणून वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधील सेटिंगची फाइल दिलेली आहे. ती पहिल्या वापरकर्त्याकडे बसली, दुसऱ्याकडे नाही, म्हणून इन्स्टॉलरला स्थापना अपुरी वाटते. सेटिंगची फाइल पॅकेजमधून काढून प्रोग्रामने पहिल्यांदा सुरू होताना स्वतः लिहावी.