विंडोज बदलण्याआधी वडिलांचे मराठी फॉन्ट वाचवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा २०१४ चा लॅपटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर विंडोज ११ टाकावं की भंगारात द्यावा? वडील त्यावर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

११ चा नाद सोडा. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर जवळपास आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. आडमार्गाने बसवता येतं, पण मग अपडेट मिळत राहण्याची खात्री नसते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. तिला २ जीबी रॅमही पुरते, ४ मध्ये नीट चालते. सोबत जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवाच. नागपुरात बर्डीत मिळते, आणि खरा फरक तिनेच पडतो.

आता फॉन्टचं. आमचे मोठेबाबा नागपुरातल्या महाल भागात राहतात. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेच्या आठवणी त्यांनी कितीतरी वर्षं कृतिदेवमध्ये टाइप केल्या. मी त्यांच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, डिस्क फॉरमॅट केली, मिंट टाकलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "अरे, माझं सगळं इंग्रजी झालं." जाऊन पाहिलं तर ‘भारत’च्या जागी एच, के, के, जे, आर. फाइल शाबूत होती, पण कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे मराठी अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीचा नाही. तो इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फॉन्टची फाइल सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरात होती, ती मी पुसून बसलो होतो. मोठेबाबा काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. ते मला अजून आठवतं.

शेवटी ओळखीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट सापडला. मिंटमध्ये फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केला, लिब्रेऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) बंद करून उघडलं आणि मजकूर परत दिसला. पुढे सगळं युनिकोडमध्ये बदलून घेतलं. कन्व्हर्टर रफार आणि ऱ्हस्व वेलांटीला अडखळतो, कारण कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. त्यामुळे एकेक पान डोळ्यांखालून घालावं लागलं.

म्हणून सांगतो, जुनी हार्ड डिस्क पुसूच नका. काढून कपाटात ठेवा, आणि काढण्याआधी विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर रूफस या विंडोजवरच्या फुकट प्रोग्रामने मिंट टाका (त्यातलं आधीचं सगळं जातं). इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर हे काम सकाळी उरका. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी लाइन कधी जाईल सांगता येत नाही आणि इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं.

वडील टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत असतील तर मात्र थांबा. ते लिनक्सवर सरळ चालत नाही. तसं असेल तर कळवा, मग वेगळा मार्ग सांगतो.