आधी मागचा एक्सल ठरवा, मग टी-५ घ्या (शेवरोले ३१००, १९५१)

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १९५१ ची अर्ध्या टनाची शेवरोले ३१००, त्यात मूळचं २१६ क्युबिक इंची सहा सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर. एस-१० पिकअपमधून निघालेला टी-५ हा पाच गिअरांचा गिअरबॉक्स तुम्हाला ४०० डॉलरला मिळतोय, आणि मेकॅनिक म्हणतोय, "चार बोल्टांचं काम आहे, शनिवार-रविवारी बसवून देतो." घेऊ का, असं विचारलंय.

जरूर घ्या, पण आज नको. आधी गाडीखाली झोपून मागे बघा. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाडजूड लोखंडी नळी दिसेल. ती टॉर्क ट्यूब. प्रॉपेलर शाफ्ट त्या नळीच्या आत फिरतो, आणि पुढे गिअरबॉक्सच्या शेपटाशी एका गोल बॉलमध्ये एकच युनिव्हर्सल जॉइंट असतो. आपण महाराष्ट्रात जीप बघत मोठे झालो, तिचा शाफ्ट उघडा, दोन्ही टोकांना असा जॉइंट, म्हणजे आपला क्रॉस. त्यामुळे ही रचना पहिल्यांदा पाहिली की आपण गोंधळतो. टी-५ ला तो बॉल बसवायला जागाच नाही. त्याच्या मागून सरकता योक (शाफ्ट जोडायचा दुबेळका तुकडा) निघतो आणि त्याला उघडा शाफ्ट लागतो. म्हणजे गिअरबॉक्स बदलला की टॉर्क ट्यूब गेली, आणि ती गेली की तिच्याशी जोडलेला मागचा एक्सलही गेला. तुम्ही विचारताय एका गिअरबॉक्सबद्दल, प्रत्यक्षात बदलायचं आहे इंजिनाच्या मागचं जवळजवळ सगळं. चार बोल्टांवर भागत नाही ते यामुळे.

आता आकड्यांकडे या, कारण सगळा खेळ तिथेच आहे. तुमच्या एक्सलचा रेशो ४.११ असणार, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे. टायर साधारण २८ इंच उंचीचे धरले, तर ताशी ६० मैलांना इंजिन २९५० च्या आसपास फिरतं. २१६ इंजिनाला हे मानवत नाही. त्याच्या कनेक्टिंग रॉडना बॅबिटचे, म्हणजे मऊ मिश्रधातूचे, बेअरिंग आहेत, आणि त्यांना दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या खालच्या पळीने ते उचलायचं असतं. तासन्‌तास असं पळवणं म्हणजे त्या बेअरिंगचं आयुष्य खाणं. पाचवा गिअर हवा तो याच कारणासाठी, आणि तुमची इच्छा अगदी योग्य आहे.

पण पाचवा गिअर इंजिनाचे फेरे एकदा उतरवतो आणि नवा एक्सल दुसऱ्यांदा. दोन्ही जास्त उतरवले की गाडी मरगळते. हे मी स्वतः भोगलंय. माझ्या १९५३ च्या ३१०० ला मी पाचव्या गिअरचा रेशो ०.७२ असलेला (शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा ०.७२ फेरा) टी-५ घेतला, आणि मागे ३.०८ रेशोचा एस-१० च्या कुळातला साडेसात इंची एक्सल, कारण तो स्वस्तात समोर आला होता. गुणाकार करा: २.२२. ताशी ६० मैलांना इंजिन जेमतेम १६०० फेऱ्यांवर. सपाट रस्त्यावर छान शांत वाटायचं, पण जरा चढ आला किंवा समोरून वारा लागला की धापा टाकायची. शेवटी पाचवा गिअर लावणंच सोडून दिलं. दीड वर्षाने क्राऊन-पिनियन (एक्सलमधली रेशो ठरवणारी दातेरी जोडी) बदलून ३.७३ केलं, आणि त्या एक्सलमध्ये ३.०८ चा कॅरियर (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) ३.७३ च्या क्राऊनला चालत नाही, म्हणून कॅरियरही नवा घ्यावा लागला. दोनदा खर्च, दोनदा मेहनत. आता ३.७३ गुणिले ०.७२, म्हणजे २.६९. ताशी ६० मैलांना १९३० च्या आसपास फेरे. गाडी श्वास घेते आणि ओढतेही.

एस-१० च्या टी-५ मध्ये सगळे सारखे नसतात. काहींचा पाचवा ०.७२, काहींचा ०.८६. पहिला गिअर काहींचा ४.०३, काहींचा ३.७६. शेपटाच्या एका बोल्टखाली १३५२ पासून सुरू होणारा क्रमांक कोरलेला छोटा पत्रा असतो. तो असेल तर क्रमांकावरून रेशो कळतो. नसेल तर पाचवा गिअर लावा, पुढचा शाफ्ट हाताने बरोबर दहा वेळा फिरवा आणि मागचा किती फिरतो ते मोजा. चौदाच्या जवळ आला तर ०.७२, साडेअकराच्या जवळ तर ०.८६. विकणाऱ्याच्या अंगणात उभ्या उभ्या होणारं काम आहे. ०.८६ निघाला तर ३.०८ किंवा ३.४२ चा एक्सल शोधा. ०.७२ निघाला तर ३.७३ च्या खाली जाऊ नका. पहिल्या गिअरची काळजी नको. मूळ पेटीत, म्हणजे जुन्या गिअरबॉक्समध्ये, पहिल्या गिअरचे २.९४ गुणिले ४.११ म्हणजे १२ होतात. ४.०३ आणि ३.०८ चा गुणाकार साडेबाराच्या जवळ जातो, ३.७६ आणि ३.७३ चा १४. दोन्हीत गाडी मूळपेक्षा सहज उठेल.

एवढं सगळं उलगडायचं नसेल, तर एक सोपी वाट आहे आणि मला ती मनापासून आवडते. टॉर्क ट्यूब, मूळ पेटी, मूळ एक्सल तसंच ठेवून आत फक्त ३.५५ चं क्राऊन-पिनियन घाला. या जुन्या बंद रचनेसाठी तसा सेट मिळतो. ताशी ६० मैलांना फेरे २५५० वर येतात. भरलेल्या गाडीने चढावर उठताना क्लच थोडा जास्त घासावा लागेल, पण गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी राहते. तुम्ही महिन्यातून दोनदा गावातल्या गावात फिरवणार असाल तर मी हेच सुचवेन. रोज हायवेवर काढायची असेल तरच पुढचं वाचा.

पुढचा नियम असा की मूळ बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) काढून टाकू नका. या गाडीत इंजिनाचे मागचे माऊंट बेल हाऊसिंगच्याच दोन बाजूंना आहेत. क्लचचा फोर्क, पेडलची दांडी, पायाने दाबायचा स्टार्टर, सगळ्यांचं घर तिथेच. ती ठेवली तर यातल्या कशालाही हात लावावा लागत नाही. म्हणून टी-५ तिला जुळवायचा, उलटं नाही.

जुळवायचं म्हणजे आधी मोजायचं. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उमेदवारी केली. तिथे पहिले कित्येक महिने हातात कॅलिपर होता, टूल नव्हतं. इथेही तसंच करा. टी-५ च्या तोंडापासून पुढचा शाफ्ट किती बाहेर येतो ते मोजा. मग बेल हाऊसिंगच्या मागच्या तोंडापासून क्रँकमधल्या पायलट बुशच्या तळापर्यंतची खोली मोजा. शाफ्टचं टोक बुशमध्ये पुरेसं शिरलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर क्रँकवर मागून कायम दाब राहतो आणि थ्रस्ट बेअरिंग खपतं. फरक जितका, तितक्या जाडीची प्लेट मध्ये घालायची. तयार प्लेटा मिळतात, पण त्या डोळे झाकून लावू नका. तुमचं माप तीन सूत सांगत असेल आणि हातातली प्लेट तीन सुताची असेल तरच ती तुमची.

गिअरबॉक्सच्या तोंडावरची गोल कॉलर बेल हाऊसिंगच्या भोकात घट्ट, बिनहलता बसली पाहिजे. पेटी मध्यावर धरण्याचं काम तीच कॉलर करते, बोल्ट नव्हे. लहान पडली तर लेथवर रिंग करून घ्या, मोठी असेल तर ती कातून घ्यावी लागते. कातायला किंवा बदलायला काढलीत की तिच्या मागचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) नीट जपा. टी-५ च्या पुढच्या बेअरिंगचा ताण त्या शिमांवर ठरतो. कॉलर बदलली आणि पुन्हा न मोजता शिम जुनेच ठेवले, तर पेटी काही महिन्यांत घरघरायला लागते, आणि सगळे दोष देतात पेटीला.

मग डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक. त्याचा स्टँड फ्लायव्हीलला लावा, टोक बेल हाऊसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला, आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.००५ इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलला तर बेल हाऊसिंग मध्यावर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनी तीन गिअरांची पेटी असलं वाकडेपण पोटात घालत होती, टी-५ घालत नाही. गिअर अडकणं, पाचव्यातून निसटणं, बुश खाऊन जाणं, या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हे न केलेलं मोजमाप असतं.

क्लच प्लेट अशी निवडा की बाहेरचा व्यास तुमच्या जुन्या प्रेशर प्लेटला जुळेल आणि मधल्या खाचा टी-५ च्या शाफ्टला. दुकानात खाचा मोजूनच घ्या, गाडीच्या नावावर भरवसा ठेवू नका.

पेटी चढवताना ती क्लच प्लेटच्या आधाराने लटकू देऊ नका, मधला हब वाकतो. खाली जॅक ठेवा. शेवटचा अर्धा इंच सरकत नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा मोह होतो. ओढू नका. टी-५ चं कवच ॲल्युमिनियमचं आहे, कान तुटतो. बाहेर काढा, क्लच पुन्हा मध्यावर घ्या, पुन्हा चढवा. हातानेच जाऊन बसली पाहिजे.

मूळ रचनेत पेटीच्या शेपटाला खालून आधार नव्हता, टॉर्क ट्यूब होती. आता तिथे रबर माऊंटसह आडवी पट्टी लावा, पण सगळ्यात शेवटी. शेपूट जॅकने वर ढकलून पट्टीवर बसवलं तर बेल हाऊसिंगवर कायमचा ताण राहतो. रबर नुसतं टेकेल एवढी पट्टी वर आणा, उरलेली फट शिमने भरा.

आणि पाटे बघा. आजवर एक्सलला पिळणारा जोर टॉर्क ट्यूब पेलत होती. आता तो पाट्यांवर आणि त्यांच्या डोळ्यांवर येणार. सत्तर वर्षांचे बुश तिथे असतील तर तेही याच कामात बदला.

शाफ्ट बनवायला देताना माप गाडी स्वतःच्या वजनावर, चारही चाकांवर उभी असताना घ्या. सरकता योक आत पूर्ण टेकवून मग साधारण एक इंच बाहेर काढा, तिथून मोजा. पेटीचा शेपटाकडचा उतार आणि डिफरन्शियलच्या नाकाचा चढ समान ठेवा. कोन दोन-तीन अंशांत राहिला तर शाफ्ट थरथरत नाही. म्हणूनच नव्या एक्सलवर पाट्यांच्या बैठका आधी फक्त टाचून ठेवा. पूर्ण वेल्डिंग कोन तपासल्यावर.

बारीक गोष्टी: फक्त मागची दोन चाकं ओढणाऱ्या एस-१० ची पेटी घ्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची नको, तिचं मागचं टोक वेगळं असतं. तुमचा जुना स्पीडोमीटर केबलवर चालतो, म्हणून केबल निघणारी आधीच्या वर्षांची पेटी बघा. एस-१० चा गिअरचा दांडा बराच पुढे येतो, त्यामुळे सीट न कापता जमतं. मधल्या निघणाऱ्या पत्र्यालाच भोक पाडा, केबिनच्या तळाला नको. तुमच्या पुढच्या चाकांना सहा नट आहेत. एस-१० किंवा कॅमेरोचा एक्सल आला की मागे पाच होतील. स्टेपनी दोन ठेवायच्या की पुढचे हबही बदलायचे ते आत्ताच ठरवा. हँडब्रेकची केबल नव्या एक्सलला जोडायला विसरू नका.

ब्रेकबद्दल मात्र तडजोड नको. आज तुमची गाडी ४५ ला बोंबलते म्हणून तुम्ही हळू चालवता. पाचवा गिअर आला की ६० सहज वाटेल, आणि थांबवायला तेच जुने ड्रम, तोच तळाखालचा एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवल्याशिवाय पाचवा गिअर वापरू नका, एवढी विनंती.

जड ट्रेलर ओढायचा विचार असेल तर टी-५ नको. एस-१० चं २.८ लिटरचं इंजिन साधारण १५० फूट-पौंड टॉर्क द्यायचं. तुमचं २१६ त्याहून जास्त देतं, आणि पुढे कधी २३५ क्युबिक इंची इंजिन बसवलंत तर २०० च्या घरात जाल. रिकाम्या गाडीला पेटी आनंदाने सांभाळते, घोड्यांचा ट्रेलर नाही.

पेटीवरच्या पत्र्याचा फोटो आणि टायरवरचा साईझ इथे टाका. रेशो मी गणून देतो, मग एक्सल शोधायला निघा. आणि निघालेली टॉर्क ट्यूब, जुना एक्सल, तीन गिअरांची पेटी भंगारात देऊ नका. तोंडं कापडाने बांधा, आत तेल राहू द्या, प्रत्येकावर गाडीचा नंबर लिहून गॅरेजच्या भिंतीशी ठेवा.