मित्र आयसीयूत आहे, मी रोज जातो आणि नुसता उभा राहून येतो

भाऊ, तुझं दोनदा वाचलं. मित्र जळगावला आयसीयूत, जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) सांगितलंय, आठ दिवस झाले व्हेंटिलेटरवर, तू रोज संध्याकाळी जातो, वहिनींना "काही लागलं तर सांगा" म्हणतो आणि परत येतो, आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग येतो. माझ्या चोपड्याकडच्या मित्राला हेच झालं होतं, २०१९ चा मे महिना, ४१ दिवस हॉस्पिटल, आणि त्यातले पहिले दहा दिवस मी पण हेच वाक्य बोलून घरी येत होतो. वहिनी काही सांगणार नाहीत हे धरूनच चाल. नवऱ्याच्या मित्राला "मला अंघोळीला कुठे जागा बघा" असं कोणती बाई म्हणेल? आमच्या वहिनी तीन दिवस व्हरांड्यात चटईवर होत्या, बाहेर ४४ डिग्री, आणि आम्ही सगळे त्यांना धीर देत होतो.

आधी एक गोष्ट, कारण हिच्यात आमची मोठी चूक झाली. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायाला मुंग्या येतात, मग हात जातात, छाती जाते, पण डोकं जागेवर असतं. गुंगीचं औषध बंद केलं की माणूस सगळं ऐकतो. त्याला फक्त उत्तर देता येत नाही. आमच्याकडे एक मामा आत गेले आणि त्याच्या उशाशी उभं राहून म्हणाले, "आते काही खरं नही भो." त्याच्या डोळ्यातून पाणी आलं तेव्हा सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं. त्याची आई रोज एकच सांगायची, "मना पोऱ्या देखस, पन बोलस नही," म्हणजे माझा पोरगा बघतो पण बोलत नाही, आणि आम्ही म्हणायचो म्हातारीला काय कळतं. तिलाच कळलं होतं.

मग एका सिस्टरने सुचवलं म्हणून पाटी केली. त्याच्या चौथीतल्या पोरीने घरी बसून बाराखडी लिहून दिली, क ची ओळ, त्याखाली च ची, ट, त, प, मग य र ल व, आणि बाजूला काना, मात्रा, वेलांटी, उकार. आपण ओळीवर बोट ठेवायचं, बरोबर ओळ आली की तो डोळे मिटणार, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करत जायची. पहिल्या दिवशी पाऊण तास गेला. क वर मिटले. काना. मग त च्या ओळीत न. कान. आम्हाला वाटलं ऐकू येईना झालं, वहिनी रडायलाच लागल्या. सिस्टरने मान जरा उचलून बघितलं तर कुशीवर वळवताना डावा कान उशीखाली दुमडला गेला होता, सकाळपासून तसाच. एवढंच होतं बघ. तिने सरळ केला आणि त्याने डोळे मिटून असे काही ठेवले की मला पण जरा बाहेर जाऊन यावं लागलं.

आता तुझं काम. माझ्या मते मित्राने गेटवर बसावं, आत नाही. आपल्याकडे भेटायला न जाणं म्हणजे वैर घेतल्यासारखं, पिकअप भरून गाव येतं, प्रत्येक जण वहिनींना पहिल्यापासून विचारतो कसं झालं, काय खाल्लं होतं, आणि ती बिचारी दिवसातून तीस वेळा तीच कहाणी सांगते. ते तू सांगायचं. खाली निंबाखाली किंवा पार्किंगमध्ये लोकांना गाठायचं, पाणी द्यायचं, सगळं सांगायचं आणि तिथूनच वाटेला लावायचं. शिव्या खाशील. मला एका काकांनी "तू कोण रे सांगणारा" म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं, मी ऐकून घेतलं. नारळ आणि सफरचंद आणू नका म्हणून पण सांग, तो नळीने जेवतोय. आमच्याकडे एका दिवसात चौदा नारळ झाले होते. द्यायचंच असेल तर पाकिटात पाचशे रुपये द्या, हे तोंडावर सांगायला लाज वाटते पण सांग, आणि वहीत लिही कोणी किती दिले, कारण उद्या तो बरा झाला की पहिलं हेच विचारेल.

वही म्हणजे दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तारीख, डॉक्टर काय बोलले, किती भरले, कोणतं औषध बाहेरून आणलं. डॉक्टरांशी बोलायला घरचा एकच माणूस ठरवा, बाकीच्यांनी त्यांना लिफ्टपाशी अडवायचं नाही. आणि रोज एक प्रश्न पुरतो, कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे.

पैशाचं पण तूच बघ, उशीर नको करू. आयव्हीआयजी नावाची इंजेक्शनं (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची) लागली असतील, साधारणपणे किलोला २ ग्रॅम हिशोबाने पाच दिवसांत देतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १४० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २८ बाटल्या. एकेक बाटली हजारांत जाते. हॉस्पिटल सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का बघ, असेल तर तिथे आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा माणूस बसतो, त्याला गाठ. पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती, आता ५ लाख आहे आणि पांढरं रेशन कार्डही चालतं. रेशन कार्डावर त्याचं नाव आहे का, आधारवर स्पेलिंग तेच आहे का, हे बघ, आमचं गाडं यावरच दोन दिवस अडलं होतं. हेल्पलाईन १५५३८८. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर धर्मादायच्या नियमाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, पण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी आजच कोणाला तरी पाठव.

शेतीचं काही असेल तर मी केलं तसं करू नको. त्याच्या केळी कापणीवर आल्या होत्या, उन्हाने झाडावरच पिकायला लागल्या असत्या, म्हणून मी आणि त्याच्या भावाने परस्पर व्यापारी ठरवून बाग कापून टाकली. पाटी आल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी त्याने अक्षरं लावली, भाव. सांगितला. मग आलं, कमी. मी व्यापारी, ऊन, मजूर सगळं समजवायला लागलो तर त्याने परत पाटी मागितली. गप. त्याने दुसऱ्याच व्यापाऱ्याला शब्द देऊन ठेवला होता हे मला जुलैत कळलं. तर जे काही करशील ते त्याला विचारून, डोळ्याने का होईना, घरचा कर्ता अजून तोच आहे.

जेवणाचं सोपं आहे, डबा दे पण वहिनींच्या समोर बसून त्या जेवतात का बघ, ठेचा-शेवभाजी नको, भाकरी, वरण, ताक. जवळ एखादी बाथरूमवाली खोली घे, नाही मिळाली तर कोणाच्या तरी घरी सकाळचा एक तास ठरव. रात्रीची पाळी दोघातिघांत वाटून घ्या, सारखा एकच माणूस जागला तर तोही आजारी पडतो, आमच्यात त्याचा भाऊच सलाईनवर गेला होता.

आणि हे एका महिन्यात आटपत नाही हे मनात धर. पहिले दोन ते चार आठवडे वाढतं, मग थांबतं, मग हळूहळू उतरतं. बहुतेक जण उठतात पण महिने लागतात, आणि डिस्चार्जनंतर पिकअपवाले सगळे गायब होतात. फिजिओला रोज ने-आण कोण करणार ते आत्ताच ठरव. आमचा दिवाळीला वॉकर धरून ओट्यापर्यंत आला, वर्षभराने बाईकवर बसला.

पाटी आज रात्रीच बनव. फक्त खडूची नको, धूळ उडते म्हणून आयसीयूत घेत नाहीत, मार्करचा पांढरा बोर्ड घे, छोटा, आणि आत न्यायच्या आधी सिस्टरना विचार, त्या पुसून घेतात.