व्हिडिओ की फोटो?

प्रश्न : विधानसभेच्या एका उमेदवाराच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर भाषणाचा व्हिडिओच हवा, असा साहेबांचा आग्रह. मला फोटो बरा वाटतो. ओबामांच्या प्रचारात हे म्हणे चाचणी घेऊन ठरवलं होतं. आम्हाला जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ती चाचणी डिसेंबर २००७ मधली. प्रचाराचं विश्लेषण सांभाळणारे डॅन सिरोकर यांनी ईमेल-नोंदणीच्या पानासाठी बटणावरचे चार मजकूर, तीन फोटो आणि तीन व्हिडिओ घेतले. एक बटण आणि एक फोटो किंवा व्हिडिओ, अशा जोड्या झाल्या २४. पानावर आलेल्या ३,१०,३८२ जणांत त्या सरमिसळ वाटल्या. एका जोडीच्या वाट्याला साधारण १३ हजार माणसं. कार्यालयातल्या मंडळींचा कौल व्हिडिओला होता. प्रत्यक्षात तिन्ही व्हिडिओ फोटोंच्या मागे पडले. कुटुंबासोबतचा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण, या जोडीवर ११.६ टक्के लोकांनी नोंदणी केली; मूळ पानावर हे प्रमाण ८.२६ टक्के होतं.

तुम्हाला जमेल की नाही, हे पानावरच्या गर्दीवर ठरेल. ८ आणि ११.६ टक्क्यांतला फरक भरवशाने दिसायला प्रत्येक पर्यायाला अकराशेच्या आसपास माणसं लागतात. फरक ८ आणि ९ चाच असेल, तर बारा हजारांहून अधिक. म्हणून २४ जोड्यांच्या नादी लागू नका, दोनच पर्याय ठेवा. ते एकाच वेळी चालवा. या आठवड्यात व्हिडिओ आणि पुढच्या आठवड्यात फोटो असं केलंत, तर मधे झालेल्या सभेची गर्दी एकाच्याच पारड्यात पडते. एका माणसाला दर वेळी तोच पर्याय दिसला पाहिजे. आणि तिसऱ्या दिवशी फोटो पुढे दिसला म्हणून साहेबांना लगेच फोन करू नका; आधी ठरवलेला आकडा भरू द्या.

एवढी माणसं येतच नसतील, तर चाचणी सोडा आणि पान हलकं करा. ओबामांच्याच २०१२ च्या प्रचारात देणगीचं पान ६० टक्क्यांनी वेगवान केल्यावर देणग्या १४ टक्क्यांनी वाढल्या. आपल्याकडे फ्लेक्ससाठी केलेली पाच-सात एमबीची फाइल तशीच चढवतात, तीही सगळा मजकूर चित्रातच ठेवून. मग पान उघडत नाही आणि गूगलला त्यातलं फारसं काही सापडत नाही. फोटो दीडशे केबीच्या आत आणा. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत, करून घ्या, नाहीतर पानावर नुसती गिचमीड उमटते. फॉर्मला नाव, मोबाइल आणि गाव एवढंच पुरे. जन्मतारीख कशाला हवी?

प्रश्न : हा खर्च हिशेबात दाखवावा लागतो का?

उत्तर : लागतो. महाराष्ट्रात विधानसभा उमेदवाराची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. इंटरनेटवरच्या जाहिराती, मजकूर तयार करण्याचा खर्च आणि ते काम करणाऱ्यांचे पगार, सगळं त्यातच धरतात. पैसे देऊन केलेली जाहिरात असेल, तर ती झळकण्याआधी निवडणूक यंत्रणेच्या माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी घ्या.