वाचकांचे प्रश्न : मरळीसाठी पॉपर

प्रश्न : आमच्या शेतालगतच्या पाझर तलावात मरळ भरपूर आहे. जुन्या स्लिपरच्या तळव्यातून तुकडे कापून मी पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगून आवाज करणारी फ्लाय (गळावर बांधलेले कृत्रिम आमिष), बांधतो. परंतु चार-पाच फेकींनंतर तुकडा गळाच्या दांड्यावर फिरू लागतो आणि फ्लाय पाण्यावर उलटी पडते. शिवाय मरळ धडक देते, मात्र दहा धडकांत एखादीच लागते. चूक बांधणीत आहे की फेकण्यात?
– एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोन्हीकडे थोडी थोडी चूक दिसते. स्लिपरचा तळवा हे साहित्य मात्र उत्तम आहे. तो हलका असतो, पाणी शोषत नाही आणि धारदार ब्लेडने स्वच्छ कापला जातो.

तुकडा फिरतो, कारण गळाचा दांडा गुळगुळीत असतो आणि नुसत्या गोंदाला त्यावर पकड मिळत नाही. म्हणून २ किंवा १/० क्रमांकाचा, लांब दांड्याचा गळ व्हाइसमध्ये (गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) घट्ट बसवून दांड्यावर आधी जाड दोऱ्याचे वेढे द्यावेत आणि परतताना तेच वेढे तिरके, एकमेकांना छेदून घ्यावेत, म्हणजे दांडा खरबरीत होतो. पॉपरसाठी मधोमध बाक दिलेल्या दांड्याचे गळही मिळतात. ते मिळाल्यास निम्मे काम आपोआप होते. त्यानंतर तुकड्याच्या पोटाला ब्लेडने एकच उथळ चीर द्यावी, दोऱ्यावर फेविक्विक लावावे आणि चिरेत दांडा दाबून बसवावा. येथे ‘उथळ’ या शब्दाला महत्त्व आहे. चीर खोल गेली तर तुकड्याचा बराच भाग दांड्याखाली उतरतो आणि गळाचे टोक व दांडा यांमधली जागा बुजते. मग मरळीने फ्लाय तोंडात घेतली तरी टोक जबड्यापर्यंत पोहोचत नाही. तुकडा दांड्याच्या वर आणि गळाचा वाक खाली मोकळा राहिला, तर त्या वाकाच्या वजनानेच फ्लाय सरळ तरंगते. माझ्या पहिल्या हंगामातील जवळजवळ सर्व फ्लाय याच चुकीमुळे मेलेल्या बेडकासारख्या पोट वर करून तरंगत होत्या, हे येथे कबूल केलेले बरे.

शेपटीसाठी गावठी कोंबड्याच्या मानेची चार पिसे, दोन-दोन विरुद्ध दिशांना वळतील अशी बांधावीत. ती दांड्याच्या दीडपटीहून लांब ठेवू नयेत, कारण लांब शेपूट तेवढी ओढून मासा निघून जातो. पॉपरच्या तोंडाचा, म्हणजे पुढच्या बाजूचा, खोलगट भाग पेनभोवती गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासून काढावा. पाणकणसात आणि जलपर्णीत फेकणार असाल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या तंगुसाचा (नायलॉन धाग्याचा) फास गळाच्या वाकापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी बांधण्याच्या छिद्रापर्यंत, आणून बांधावा. तरीही फ्लाय अडकत असेल, तर तुकडा उलटा बसवून निमुळते टोक पुढे घ्यावे. आवाज कमी होईल, पण फ्लाय वेलींवरून सरकत येईल.

आता फेकण्याविषयी. मरळीला अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावी लागते, शिवाय ती उथळ, गवताळ पाण्यात वर लक्ष ठेवून असते, आणि म्हणूनच पॉपर तिला चालतो. मात्र नवखे लोक तो सतत वाजवत राहतात. फ्लाय पडल्यावर पाण्यावरची वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत हात हलवू नये. मग रॉडचे टोक पाण्याजवळ ठेवून डाव्या हाताने वीतभर दोरी ओढावी आणि पुन्हा थांबावे. माझ्या अनुभवात बहुतेक धडका या थांबण्यातच येतात. धडक दिसताच रॉड वर उचलण्याची सवय मोडावी. पाणी उसळते तेव्हा फ्लाय तोंडात गेलेलीच असते असे नाही. दोरीला वजन लागेपर्यंत धीर धरावा आणि मग रॉड खालीच ठेवून डाव्या हाताने जोरात ओढावे.

एक विनंती. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला, तर तेथे फ्लाय टाकू नये. पिलांची राखण करणारी मरळ रागाने हमखास धडक देते. पण ती गेली की पिले इतर माशांच्या तोंडी पडतात.

प्रश्न : हाच पॉपर खडशीला, म्हणजे महाशीरला, चालेल का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : क्वचित. खडशी पाण्यावर पडणारी फळे आणि किडे वर येऊन खाते, तेव्हा आवाज करणाऱ्या मोठ्या पॉपरपेक्षा त्याच तळव्याचा, नखाएवढा, भुंग्यासारखा काळा तुकडा अधिक उपयोगी पडतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा बराच परिसर कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो, त्यामुळे तेथे गळ टाकण्याचा विचार करू नये. इतर धरणांवर ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेची परवानगी आधी घ्यावी. गळ मात्र जाड तारेचा वापरावा. खडशीच्या जबड्यात दात नसले तरी घशात असतात, आणि स्वस्तातला बारीक गळ ते सहज वाकवतात.